एकतर्फी अर्ज, दोन गिटारी

नोव्हेंबर १९७० मध्ये ‘लेला अँड अदर असॉर्टेड लव्ह साँग्ज’ हा दोन तबकड्यांचा अल्बम अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर एकही अक्षर नव्हते. फ्रांदसेन द शॉम्बर्ग या चित्रकाराने काढलेली एक सोनेरी केसांची तरुणी आणि फुलांचा गुच्छ, एवढेच. वाद्यवृंदाचे नाव ‘डेरेक अँड द डॉमिनोज’ होते आणि त्यात डेरेक नावाचा कोणीही मनुष्य नव्हता. यार्डबर्ड्स, क्रीम, ब्लाइंड फेथ असे संसार एकामागोमाग मोडून झाल्यावर प्रसिद्धीला विटलेला एरिक क्लॅप्टन या टोपणनावाआड लपला होता. लपण्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. अल्बम अमेरिकेच्या यादीत सोळाव्या क्रमांकापर्यंत जाऊन थबकला, इंग्लंडच्या यादीत तर त्या वेळी आलाच नाही; ‘डेरेक म्हणजेच एरिक’ अशा अर्थाचे बिल्ले कंपनीला वाटावे लागले. शीर्षकगीत पूर्ण लांबीने स्वतंत्र तबकडीवर निघून गाजले ते १९७२ मध्ये. त्यानंतर मात्र हा अल्बम ब्लूज रॉकच्या अभिजात कृतींच्या पंक्तीला जाऊन बसला आणि अजून तेथून हललेला नाही.

आमच्याकडे तो आला नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर, कुणाकडून तरी भरून घेतलेला. मूळ तबकड्यांच्या चार बाजू या कॅसेटच्या दोन बाजूंत नेमक्या मावत आणि प्रत्येक बाजूच्या शेवटी पाच-सहा मिनिटांची कोरी खरखर उरे. गाण्यांची नावे निळ्या शाईने लिहिलेली होती, त्यांतली दोन चुकीची. अशा दरिद्री अवस्थेत आम्ही जे ऐकले त्याने आम्हांला इतके झपाटले की पुढे उत्तम मुद्रण हाती आल्यावरही ती खरखर कानांतून गेली नाही. सांगायचा मुद्दा असा की या अल्बमविषयी आम्ही तटस्थ नाही, आणि तटस्थतेचा आव आणण्याचीही इच्छा नाही. तरीही गुणदोषांची चर्चा करावीशी वाटते, आणि त्याला कारण आहे एका विद्यार्थिनीचा प्रश्न.

तौलनिक साहित्याच्या वर्गात निजामीच्या ‘लैला-मजनून’ या मसनवीवर बोलत असताना आम्ही हे शीर्षकगीत ऐकवले होते. संबंध उघड आहे. पॅटी बॉइड ही क्लॅप्टनच्या जिवलग मित्राची, जॉर्ज हॅरिसनची पत्नी. क्लॅप्टन तिच्या प्रेमात पडला. त्याच सुमारास इयन डॅलस या मित्राने त्याला लैला-मजनूची कथा दिली आणि त्या कथेत त्याला आपला चेहरा दिसला. ‘आय अ‍ॅम युअर्स’ या दुसऱ्या एका गाण्याच्या श्रेयनामावलीत तर बाराव्या शतकातल्या निजामी गंजवीचे नाव सहकवी म्हणून छापलेले आहे. रॉक संगीताच्या इतिहासात असा मान फार फारसी कवींना मिळाला नसावा. हे सारे आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले. गाणे संपल्यावर मागच्या बाकावरून ती म्हणाली, “सर, हा सगळा वेळ तोच बोलतोय. ती काय म्हणते?”

प्रश्न साधा होता, पण निजामीच्या संदर्भात तो विचारला गेल्यामुळे त्याला धार आली. कारण निजामीची लैला बोलते. मजनून वाळवंटात श्वापदांच्या संगतीत कविता रचतो हे सर्वांना माहीत असते. घराच्या भिंतींत कोंडलेली लैलाही कविता रचते आणि चिठ्ठ्यांवर लिहून वाऱ्यावर सोडते, हे पुष्कळदा विसरले जाते. लग्न लादले गेल्यावर ती नवऱ्याला अंगाला हात लावू देत नाही. पुढे गुप्त भेटीची वेळ येते तेव्हा ती प्रियकरापासून काही पावलांच्या अंतरावर आपण होऊन थांबते. मजनूनची तऱ्हा याहून निराळी. त्याच्या लेखी लैला हे नाव हळूहळू इतके विस्तारते की प्रत्यक्ष लैलेची गरजच उरत नाही. मागणे संपते, नुसते गाणे राहते. आपल्याकडे ‘मजनू’ हा शब्द महाविद्यालयाच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या टवाळासाठी वापरतात. निजामीच्या मजनूनवर याहून मोठा अन्याय नाही.

क्लॅप्टनने निजामीकडून घेतले ते नाव आणि वेड. अल्बममधली त्याची प्रेमगीते शब्दांपुरती पाहिली तर ती अर्ज आहेत. विनवणी, गुडघे टेकणे, दोष देणे, पुन्हा विनवणी. ‘बेल बॉटम ब्लूज’मध्ये (पॅटीने अमेरिकेहून तशा विजारी आणायला सांगितल्या होत्या, त्यावरून हे नाव) निवेदक तिच्या पायांशी सरपटायलाही तयार आहे; ‘लेला’मध्ये तर तिने आपला उद्धार केला नाही तर आपले डोके फिरेल, असा जवळजवळ इशाराच आहे. प्रतिमा ढोबळ, यमके हाताला लागतील ती. छापील पानावर या ओळी ठेवल्या तर कोणत्याही नियतकालिकाचा संपादक त्या साभार परत करील. आणि या साऱ्यात जिला उद्देशून हे चालले आहे ती पूर्णपणे मुकी आहे. विप्रलंभ शृंगाराची आपली परंपरा ज्यांच्या अंगवळणी पडली आहे त्यांना हा एकसुरीपणा अधिकच जाणवतो. ज्ञानदेवांच्या विराणीत पुरुष कवी विरहिणीचा आवाज स्वतःच्या कंठात घेतो, येथे पुरुष स्वतःच्या दुःखाच्या बाहेर पाऊल टाकीत नाही.

मग हा अल्बम आम्ही पुन:पुन्हा का ऐकतो? त्या दिवशी वर्गात आम्ही जे काही सांगितले ते राहू द्या. आज त्याचे उत्तर ब्लूजच्या घाटात शोधावेसे वाटते.

ब्लूजच्या सर्वांत परिचित बंधात बारा ‘बार’ असतात, म्हणजे चार-चार ठोक्यांची बारा आवर्तने. त्यांत तीन ओळी बसतात: एक ओळ, तीच पुन्हा, आणि मग तिसरी. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात, पण गायक साधारण दोन-अडीच बारांतच ओळ संपवतो. उरलेली जागा वाद्याची. शेतावरची श्रमगीते आणि कृष्णवर्णीयांच्या चर्चमधले गायन यांतून आलेली हाक-प्रतिसादाची ही रीत आहे. एकट्याने गिटार घेऊन बसलेला गायकसुद्धा त्या मोकळ्या जागेत स्वतःला उत्तर देत असतो. ब्लूजमधले दुःख सांगितले जाते तेव्हाच ते ऐकलेही जाते, आणि याची व्यवस्था त्याच्या बांधणीतच केलेली आहे.

‘लेला’च्या ध्वनिमुद्रणाला मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत ऑगस्ट १९७० अखेरीस आरंभ झाला, तेव्हा ही उत्तराची जागा रिकामी होती. वाद्यवृंद चौघांचा: क्लॅप्टन, ऑर्गन-पियानोवर बॉबी व्हिटलॉक, बेसवर कार्ल रेडल, ड्रम्सवर जिम गॉर्डन. चौघेही डेलनी अँड बॉनीच्या ताफ्यात एकत्र वाजवलेले. नुकतेच हॅरिसनच्याच ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’वर काम करून आलेले. ज्या मित्राच्या घरात आपण सुरुंग लावतो आहोत त्याच्याच अल्बमवर वाजवायचे, हा विरोधाभास क्लॅप्टनला कसा पेलला असेल कोण जाणे. निर्माता टॉम डाउड तेव्हाच ऑलमन ब्रदर्सचेही काम पाहत होता. तो या मंडळींना २६ ऑगस्टला मायामीतल्या ऑलमन ब्रदर्सच्या जलशाला घेऊन गेला. ड्वेन ऑलमन तेव्हा तेवीस वर्षांचा होता. विल्सन पिकेटच्या ‘हे जूड’वरचे त्याचे वादन क्लॅप्टनने आधीच ऐकून मनात ठेवले होते. त्या रात्री सगळे स्टुडिओत परतले आणि सकाळपर्यंत वाजवीत बसले. ऑलमन पाहुणा म्हणून आला आणि राहिला.

पहिली तीन गाणी त्याच्या आधीची आहेत, त्यामुळे फरक कानांनी तपासता येतो. ‘आय लुक्ड अवे’ सुबक, आटोपशीर आहे. ‘बेल बॉटम ब्लूज’ चाल म्हणून कदाचित अल्बममधली सर्वांत सुंदर. ‘कीप ऑन ग्रोइंग’ ऐकताना मात्र गंमत कळते. त्यात गिटारींची दाटी आहे आणि त्या साऱ्या क्लॅप्टनच्याच आहेत, एकावर एक मुद्रित केलेल्या. स्वतःशीच तावातावाने वाद घालणाऱ्या माणसासारखे ते गाणे आहे. जोर आहे, चैतन्य आहे, पण कोणी काही ऐकून घेत नाही. चौथे गाणे, बेसी स्मिथने १९२९ मध्ये गायलेले ‘नोबडी नोज यू व्हेन यू आर डाउन अँड आउट’, सुरू होते आणि खोलीत दुसरा माणूस आल्याचे जाणवते.

ऑलमन बोटात औषधाची काचेची छोटी बाटली घालून तारांवरून ती सरकवीत असे. त्यामुळे त्याचा स्वर पायऱ्यांनी चढत नाही, घसरत-वाहत जातो. मींड म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे वेगळे वर्णन नको. क्लॅप्टनचे वादन याउलट बोलके, स्पष्ट उच्चारांचे. दोघांची जुगलबंदी म्हणावी तर त्यात चढाओढ नाही. सवाल-जवाब म्हणावा तर पाळी ठरलेली नाही. ‘एनीडे’मध्ये दोघे एकच वाक्य अर्धे-अर्धे बोलतात. ‘व्हाय डज लव्ह गॉट टू बी सो सॅड’मध्ये एकमेकांना मागे टाकीत धावतात आणि शेवटी, वेग उतरल्यावर, धापा टाकीत शेजारी बसावे तसे थांबतात.

आमच्या मते अल्बमचा गाभा ‘की टू द हायवे’ आहे. बिग बिल ब्रून्झी आणि चार्ल्स सेगर यांच्या नावे असलेला हा आठ बारांचा जुना ब्लूज. निघून जाणाऱ्या माणसाचे गाणे. ही मंडळी तो सहज वाजवू लागली आणि फीत फिरत नाही हे लक्षात येताच डाउडने ती सुरू करायला लावली. म्हणून गाणे हळूहळू कानांवर येते, जणू ते आधीपासूनच चालू होते आणि आपण दार उघडले. साडेनऊ मिनिटांहून अधिक काळ ते मध्यम लयीत चालते. त्यात कळस नाही, घाई नाही. एकाने काही म्हणावे, दुसऱ्याने ‘हं’ म्हणावे, मग थोडे थांबून स्वतःचे काही सांगावे. क्लॅप्टनचा आवाज, जो अन्यत्र ताणून फाटतो, येथे बोलण्याच्या पातळीवर असतो आणि म्हणूनच खरा वाटतो. आणि अर्जदार येथे काहीच मागत नाही.

याच्या जोडीला ‘हॅव यू एव्हर लव्ह्ड अ वूमन’ ठेवावे. बिली माइल्सने लिहिलेले, फ्रेडी किंगने गाजवलेले हे गाणे मित्राच्या बायकोवर मन बसलेल्या माणसाचे आहे. क्लॅप्टनला निराळे काही लिहिण्याची गरजच नव्हती. स्वतःच्या शब्दांत जो आक्रस्ताळा होतो तो उसन्या शब्दांत संयमी होतो, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी नोंदवून ठेवण्यासारखी आहे. परंपरेचा बंध त्याला सावरतो आणि ओळीनंतरच्या मोकळ्या जागेत ऑलमनचे उत्तर येते.

आमचे म्हणणे पडताळून पाहायचे असेल तर १९७३ मध्ये निघालेला ‘इन कॉन्सर्ट’ हा जोड-अल्बम ऐकावा. ऑक्टोबर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये झालेल्या जलशांचे ते ध्वनिमुद्रण आहे. वाद्यवृंद तोच, फक्त ऑलमन नाही. क्लॅप्टनची बोटे तेव्हा बहरात होती. पण गाणी लांबतच जातात. ‘लेट इट रेन’ सतरा मिनिटांहून मोठे होते. प्रत्येक वाक्य उत्तम असूनही व्याख्यान संपत नाही, असा अनुभव आपण सर्वांनीच कधी ना कधी घेतलेला आहे.

दोष सांगायचे तर दोन गिटारी असूनही पसरटपणा राहतोच. सत्त्याहत्तर मिनिटांतली पंधरा-वीस मिनिटे सहज कमी करता आली असती. चक विलिसचे ‘इट्स टू लेट’ भरतीचे वाटते. निजामीच्या नावाचे ‘आय अ‍ॅम युअर्स’ गोड पण किरकोळ आहे. थोर कवीच्या वाट्याला अल्बममधले सर्वांत विसरण्याजोगे गाणे यावे हा योग काही चांगला नाही. ‘लिटल विंग’विषयी आमचे मत कडक आहे. जिमी हेन्ड्रिक्सचे मूळ गाणे अडीच मिनिटांचेही नाही. ते पिसासारखे येते आणि बोट लावण्याआधी उडून जाते. डॉमिनोजनी त्याला साडेपाच मिनिटांचे भव्य शिल्प केले आहे. आदर कळतो, पण पीस दगडाचे झाले. हेन्ड्रिक्स १८ सप्टेंबर १९७० रोजी वारला. हे ध्वनिमुद्रण त्याच्या थोडे आधीचे. पुढे साऱ्यांनीच ते श्रद्धांजली म्हणून ऐकल्यामुळे त्याची कठोर चिकित्सा फारशी झाली नाही.

शीर्षकगीताचे काय? पहिल्या अर्ध्या भागातली ती सात स्वरांची हाक, तिच्यावर चढवलेल्या गिटारींचे थर, कडव्यात अचानक खाली उतरणारी स्वरपट्टी, हे सर्व आजही अंगावर येते. मिश्रणात क्लॅप्टनचा आवाज वाद्यांत बुडतो. काहींना तो दोष वाटतो, आम्हांला तो योग्य वाटतो, कारण शब्द जितके कमी कळतील तितके बरे. नंतर येतो पियानोचा दीर्घ उत्तरार्ध, जो काही आठवड्यांनी मुद्रित करून डाउडने जोडला. मागणी करणारे गाणे संपते आणि मागणीविना काहीतरी सुरू होते. ऑलमनची गिटार तेथे इतक्या उंचीवर जाते की ती कधी कधी कणसूर होते. भारतीय कानांना हे खटकते, आमच्याही खटकते. शेवटी ती पक्ष्यासारखी किलबिलते. ती लैलाच आहे, असे कोणी म्हणाले तर मोह पडेल. पण ते खरे नव्हे. उत्तर देणारा हा आवाज एका तरुण पुरुषाचा, मित्राचा आहे. त्या विद्यार्थिनीचा प्रश्न यामुळे सुटत नाही. ती अजूनही बोललेली नाही. एका मैत्रीचा घात करू पाहणाऱ्या अल्बममध्ये दुसरी मैत्री ऐकू येते, एवढेच आम्ही म्हणू.

त्या उत्तरार्धाच्या श्रेयाचाही एक हिशेब बाकी आहे. तबकडीवर गॉर्डनचे नाव आहे. ही चाल मुळात आपली, असे गायिका रिटा कूलिजने २०१६ च्या आत्मचरित्रात स्पष्ट सांगितले आणि व्हिटलॉकनेही तिला दुजोरा दिला. म्हणजे या अल्बममध्ये एक स्त्री बोलली असेल तर ती येथे, आणि तिचे नाव छापलेले नाही.

पुढचा इतिहास गाण्यांवर सावली टाकतो. ऑलमन २९ ऑक्टोबर १९७१ रोजी मोटरसायकलच्या अपघातात गेला, चोविसाव्या वर्षी. क्लॅप्टन काही वर्षे हेरॉइनमध्ये बुडाला. रेडल १९८० मध्ये गेला. गॉर्डनला तीव्र मानसिक आजार होता. १९८३ मध्ये त्याच्या हातून स्वतःच्या आईची हत्या झाली आणि २०२३ मध्ये तो कैदेतच वारला. १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या जलशात क्लॅप्टन व्यासपीठावरून स्थलांतरितांविरुद्ध असे काही बोलला की त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. ज्यांच्या संगीतावर आपला पिंड पोसला त्यांच्याविषयी असे बोलावे, हे आम्ही कधी समजून घेऊ शकलो नाही. ब्रून्झीचे गाणे ऐकताना ते आठवते. आठवू नये असा प्रयत्न आम्ही करीत नाही.

आणि अर्ज? तो मंजूर झाला. पॅटी हॅरिसनपासून विभक्त झाली, १९७९ मध्ये तिने क्लॅप्टनशी विवाह केला, दहा वर्षांनी तोही संपला. २००७ मध्ये तिने आपले आत्मचरित्र लिहिले. ती काय म्हणते हे हवे असेल त्याने तेथे जावे. क्लॅप्टनने १९९२ मध्ये ‘अनप्लग्ड’साठी खुर्चीवर बसून हेच गाणे मंद लयीत गायले. पुष्कळांना ते अधिक परिपक्व वाटते, त्याला ग्रॅमीही मिळाले. त्यात ती हाक नाही, उत्तरार्ध नाही, अडवणारे-सावरणारे दुसरे कोणी नाही. एका यशस्वी माणसाची ती आठवण आहे आणि आम्ही ती क्वचितच ऐकतो.

‘लेला’ मूळ अल्बममधले शेवटचे गाणे नाही, हे अनेकांच्या ध्यानात नसते. त्यानंतर तीन मिनिटांहून लहान असे ‘थॉर्न ट्री इन द गार्डन’ आहे. व्हिटलॉकने लिहिलेले, त्यानेच हलक्या आवाजात गायलेले. साध्या गिटारींची साथ. एवढ्या वादळानंतर ते फिके पडते, अल्बम तेथेच संपायला हवा होता, असे म्हणणारे आमचे मित्र आहेत. आम्हांला ते तेथे हवे असते. क्लॅप्टनचा आवाज त्यात नाही, आणि गेलेल्या कोणाला परत ये असे कोणी ओरडून सांगत नाही.